नेहमीसारखं जेवा, मग रक्त द्या: मधुमेहाच्या तपासण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या सदरात मधुमेहाच्या तपासण्यांविषयी आलेली निवडक पत्रं घेतली आहेत. बहुतेकांनी रिपोर्टची झेरॉक्स जोडली होती, पण रक्त किती वाजता दिलं, आदल्या रात्री कधी जेवलो, गोळी घेतली होती का, हे फार थोड्यांनी लिहिलं होतं. साखरेचा आकडा या माहितीशिवाय वाचताच येत नाही. म्हणून उत्तरांमध्ये आकड्यापेक्षा तो कसा आला यावर जास्त भर दिला आहे. वेगळं एकक सांगितलं नसेल तिथे रक्तातल्या साखरेचा आकडा मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये आहे, म्हणजे आपल्याकडच्या रिपोर्टवर असतो तसाच.

प्रश्न: सासूबाईंची फास्टिंग शुगर करायची होती. एकादशी होती, म्हणून त्या म्हणाल्या, "माझा उपवासच आहे, आजच जाऊन येऊ." पहाटे त्यांनी कपभर बिनसाखरेचा चहा घेतला, मिश्री लावली. लॅबमधल्या मुलीने चहाचं ऐकून आम्हाला परत पाठवलं. एवढ्याशा चहाने काय बिघडतं? बीपीची गोळीही त्या दिवशी घेतली नव्हती. ती घ्यायची असते का? (कराड)

लॅबमधल्या मुलीने योग्य तेच केलं. उपवास आणि उपाशीपोटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपवासाला चहा, दूध, केळं, साबुदाण्याची खिचडी चालते, आणि साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. फास्टिंग तपासणीला किमान ८ तास पोटात पाण्याशिवाय काहीही गेलेलं नसावं. चहा बिनसाखरेचा असला तरी त्यात दूध असतं, आणि दुधात दुधाची स्वतःची साखर असते. कोरा चहा किंवा कोरी कॉफीही नको, कारण त्यातल्या कॅफिनचा साखरेवर थोडा परिणाम होतो. साधं पाणी मात्र हवं तेवढं प्यावं. पाणी न पिता गेलेल्या माणसाची शीर सापडत नाही आणि दोनदा टोचावं लागतं.

मिश्रीबद्दल तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत, कारण लॅबमध्ये ते कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. मिश्री, तंबाखू, गुटखा, विडी या सगळ्यांत निकोटिन आहे. निकोटिनने शरीरात अॅड्रेनालिन वाढतं, आणि ते यकृतातली साखर रक्तात सोडायला लावतं. रक्त देऊन होईपर्यंत मिश्री बाजूला ठेवावी. दात घासायला हरकत नाही.

बीपीची आणि थायरॉइडची गोळी नेहमीच्या वेळेला पाण्याबरोबर घ्यावी. मधुमेहाची सकाळची गोळी किंवा जेवणाआधीचं इन्सुलिन मात्र रक्त दिल्यावर, नाश्त्याच्या वेळी. रात्री घ्यायचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन चालू असेल तर ते तपासणीसाठी स्वतःहून बंद करू नये. रात्री आठला जेवून सकाळी सात-आठला रक्त दिलं की वेळ नीट बसते. गावाहून येणाऱ्यांचा क्रमांक कधी कधी अकरा-बाराला लागतो आणि तोवर उपाशीपोटीचे १५-१६ तास होतात. तो आकडाही खात्रीचा नाही आणि गोळ्या घेणाऱ्या माणसाला त्रासही होऊ शकतो. वाट पाहताना हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तपासणी राहू द्या. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्या. रक्त उद्या देता येईल.

प्रश्न: बाबांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. तपासणी जवळ आली की आठवडाभर त्यांचं पथ्य कडक होतं. त्या दिवशी अर्धी भाकरी खाऊन, गोळी न घेता, दोन तास चालून पीपी (जेवणानंतर दोन तासांची साखर) द्यायला जातात. या वेळी फास्टिंग १५८ आणि पीपी १४२ आली. जेवल्यावर साखर कमी कशी होते? (सांगली)

बाबांनी मोजायला दिलेला दिवस त्यांच्या नेहमीच्या दिवसासारखा नव्हता, म्हणून आकडे उलटे आले. एरवी ते दोन भाकऱ्या, भात, आमटी खात असतील आणि जेवून आडवे होत असतील तर त्यांची खरी पीपी १४२ नाही. त्या आकड्यावर डॉक्टर गोळी तीच ठेवतील किंवा कमी करतील, आणि उरलेले तीन महिने बाबांचं शरीर जास्त साखरेतच राहील. नुकसान होतं ते इथे. तपासणी पास होण्यासाठी नसते, गोळ्यांचा डोस नेहमीच्या जेवणाला पुरतो का हे बघण्यासाठी असते.

पीपीची रीत अशी. फास्टिंगचं रक्त देऊन घरी या. नेहमीचं जेवण किंवा नाश्ता नेहमीएवढाच घ्या. गोळी जेवणाआधी घेण्याची असेल तर आधी, जेवणाबरोबर असेल तर बरोबर, पण घ्याच. पहिला घास तोंडात घातला ती वेळ घड्याळात बघून लिहून ठेवा. दोन तास तिथून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. पाऊण तास जेवत बसणारा माणूस शेवटच्या घासापासून मोजायला लागला तर त्याचं रक्त पावणेतीन तासांनी घेतलं जातं, आणि तोवर साखर बरीच उतरलेली असते. पाच-दहा मिनिटं मागेपुढे झाली तर चालेल. अर्धा तास नको. मधल्या वेळात चहा, बिस्कीट, सुपारी, शतपावलीच्या नावाखाली दोन किलोमीटर, यातलं काही नको. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर उचलतात. रोज जेवून चालत असाल तर चाला, ती फार चांगली सवय आहे. एरवी न चालता केवळ तपासणीच्या दिवशी मात्र चालू नका. लॅबमध्ये पंधरा मिनिटं आधी पोहोचा, कारण पावती फाडण्यात आणि रांगेत वेळ जातो.

आता फास्टिंग १५८ कशी? पहाटे तीन-चारपासून शरीर उठायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. ज्याचं इन्सुलिन कमी पडतं त्याची सकाळची साखर न खाताही वर जाते. त्यात रात्रीचं जेवण साडेदहाला असेल तर आणखी भर पडते. सकाळचा आकडा हा रात्रीच्या जेवणाचा आणि यकृताचा, दुपारचा आकडा नाश्त्या-जेवणाचा. ज्यांचा मधुमेह आधीच ठरलेला आहे अशा बहुतेक प्रौढांसाठी फास्टिंग ८० ते १३०, पीपी १८०च्या आत हे लक्ष्य धरतात. वय फार असेल, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टर ते सैल करतात.

प्रश्न: घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचा फास्टिंगचा आकडा १०१ आला. खात्री वाटेना म्हणून दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जाऊन दिलं तर १२७. कोणती लॅब खोटी? (नाशिक)

बहुधा कोणतीच नाही. रोजच्या रोज पाच-सात आकड्यांचा फरक निरोगी माणसातही पडतो. पण २६ चा फरक पडला की पहिला संशय रक्त किती वेळ नळीत पडून राहिलं यावर घ्यावा.

रक्त शिरेतून बाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि नळीतलीच साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर अशी कमी होते. हिशोब करून बघा: सकाळी साडेसहाला रक्त घेताना साखर १३० होती, मुलगा आणखी पंधरा घरं फिरला, सॅम्पल मुख्य लॅबमध्ये पोहोचून यंत्रात फिरवेपर्यंत साडेदहा वाजले. तासाला ६ टक्के धरले तरी चार तासांत १३० चे १०१ होतात. उन्हाळ्यात, गाडीच्या डिकीत, याहूनही लवकर.

हे थांबवण्यासाठी साखरेचं रक्त करड्या टोपणाच्या नळीत घेतात. त्या नळीत सोडियम फ्लोराइडची पांढरी पूड असते. ती पेशींचं साखर खाणं बंद पाडते, पण लगेच नाही. पहिला तास-दोन तास साखर थोडी कमी होतच राहते, नंतर मात्र थांबते. आणि ही पूड रक्तात मिसळली तरच काम करते. रक्त भरल्यावर नळी आठ-दहा वेळा हळूच खालीवर उलटी करायची असते. घाईतला मुलगा नळी तशीच पिशवीत टाकतो आणि पूड तळाशी बसून राहते.

म्हणून घरून रक्त देताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. साखरेसाठी करड्या टोपणाची वेगळी नळी घेतली का? ती उलटीसुलटी करून मिसळली का? आणि नळीवर तुमचं नाव व वेळ तुमच्या समोर लिहिली का? सॅम्पल किती वेळात लॅबला पोहोचतं, थंड डब्यातून जातं का, हेही मोकळेपणाने विचारा. चांगल्या लॅबचा माणूस रागावत नाही.

तुमच्या बाबतीत १२७ हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, कारण फास्टिंग १२६ आणि त्यावर गेली की मधुमेहाची रेषा ओलांडली. पण त्रास काही नसताना एका आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत, दुसरा पुरावा लागतो. एक दिवस लॅबमध्ये स्वतः जाऊन फास्टिंग पुन्हा द्या आणि त्याच वेळी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करा. एचबीए१सीचं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. नळीतल्या या साखर-खाण्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

प्रश्न: ताजा हापूस कापला आणि सहज म्हणून ग्लुकोमीटरवर साखर बघितली तर २४३! अर्ध्या तासाने १३१. यंत्र बिघडलं का? (रत्नागिरी)

यंत्र ठीक आहे, आंबा बोटाला होता. स्ट्रिपला रक्ताचा इवलासा थेंब लागतो. त्यात बोटावरच्या रसाचा अंश मिसळला तरी आकडा कुठल्या कुठे जातो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून हा रस पूर्ण जात नाही. साबण लावून नळाखाली हात धुवा, कोरडे पुसा, मग टोचा. ओल्या बोटाने थेंब पातळ होऊन आकडा कमी येतो. सुई बोटाच्या टोकावर मधोमध न टोचता कडेला टोचा, दुखतं कमी. बोट फार पिळू नका. स्ट्रिपची डबी दमट हवेत उघडी ठेवू नका, कोकणात पावसाळ्यात तर एक स्ट्रिप काढली की झाकण लगेच घट्ट लावायचं.

लॅबच्या आकड्याशी ग्लुकोमीटर तंतोतंत जुळत नाही आणि जुळायलाही नको. यंत्रांसाठीचा जो आंतरराष्ट्रीय मापदंड आहे त्यातच १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे लॅबमध्ये २०० असेल तर यंत्राने १७० दाखवलं काय किंवा २३० दाखवलं काय, ते नियमात बसतं. यंत्र पडताळायचं असेल तर फास्टिंगच्या वेळी, लॅबमध्ये शिरेतून रक्त दिल्यावर पाच मिनिटांत बोटातून बघा. जेवणानंतर पडताळू नका. जेवणानंतर बोटातल्या रक्तात शिरेपेक्षा साखर मुळातच जास्त असते. आणि ग्लुकोमीटरवरून मधुमेह आहे की नाही हे ठरवू नका, ते काम लॅबचं.

प्रश्न: वय ३८. एचबीए१सी ६.७ आली आणि लगेच गोळी सुरू करा असं सांगितलं. पण फास्टिंग ९४ आणि जेवणानंतर ११८ आहे. हिमोग्लोबिन ८.२ आहे, पाळीत अंगावरून फार जातं. नक्की मधुमेह आहे का? तीन महिन्यांची साखर खोटी कशी ठरेल? (बीड)

ताई, गोळी सुरू करण्याआधी तुमचं पत्र आलं हे फार चांगलं झालं. तुमचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि न जुळण्याचं कारण बहुधा तुमच्या हिमोग्लोबिनच्या आकड्यातच आहे.

एचबीए१सी साखर थेट मोजत नाही. लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं, रक्तातली साखर त्याला चिकटत जाते आणि पेशी मरेपर्यंत सुटत नाही. शंभर भाग हिमोग्लोबिनमधल्या किती भागांना साखर चिकटली हा तो आकडा. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून याला तीन महिन्यांची साखर म्हणतात. पण तीनही महिने सारखे मोजले जात नाहीत. आकड्यातला जवळजवळ निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह. सरासरी साखरेत सांगायचं तर ६ म्हणजे १२६, ७ म्हणजे १५४, ८ म्हणजे १८३.

हे सगळं गणित पेशीचं आयुष्य नेहमीएवढं आहे असं धरून केलेलं आहे. अंगात लोह कमी असेल तर नव्या लाल पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं. जुनी पेशी जास्त दिवस साखरेत भिजलेली असते. त्यामुळे साखर न वाढताही एचबीए१सी वर जाते. बी१२ कमी असेल तरी असंच होतं. याच्या उलट, नुकताच खूप रक्तस्राव झाला, रक्त चढवलं, पेशी लवकर फुटण्याचा आजार असला, किंवा लोहाच्या गोळ्या सुरू होऊन नव्या पेशींची भरती आली, तर आकडा खोटा कमी येतो. ८.२ हिमोग्लोबिन असलेल्या बाईच्या ६.७ एचबीए१सीवर विसंबून आयुष्यभराची गोळी सुरू करणं योग्य नाही.

तुम्ही असं करा: डॉक्टरांना हिमोग्लोबिनचा कागद आणि एचबीए१सीचा कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी करा, तिची रीत पुढच्या एका उत्तरात दिली आहे. फास्टिंग १२६ च्या खाली आणि दोन तासांची २०० च्या खाली आली तर मधुमेह म्हणता येणार नाही. १४० ते १९९ आली तर उंबरठा. त्याच वेळी फेरिटिन करून लोहाचा साठा बघा आणि अंगावरून जास्त जातं त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, तो आजार साखरेइतकाच महत्त्वाचा आहे. हिमोग्लोबिन भरून आल्यावर तीन महिने जाऊ द्या, मग एचबीए१सी पुन्हा.

याच संदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांतल्या वाचकांसाठी. तिथे सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. सिकलसेलचा रुग्ण असेल तर त्याच्या लाल पेशी फार लवकर फुटतात, त्यामुळे साखर २५० असूनही एचबीए१सी छान दिसू शकते. अशा रुग्णांत ही तपासणी वापरूच नये, फास्टिंग आणि दोन तासांच्या साखरेवर चालावं. नुसते वाहक असाल, किंवा घरात थॅलेसेमियाचा इतिहास असेल, तर लॅबला आधी सांगा. एचपीएलसी पद्धतीच्या यंत्रावर हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार आलेखात उठून दिसतो आणि पॅथॉलॉजिस्ट तशी टीप देऊ शकतात. ती टीप रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात असते. ती वाचा.

प्रश्न: ब्रिटनमधून आलेल्या भावाच्या रिपोर्टवर एचबीए१सी ४८ आणि शुगर ७.० लिहिलंय. आम्ही धसकाच घेतला. (ठाणे)

एकक वेगळं आहे. तिथला एचबीए१सी ४८ म्हणजे आपला ६.५, ५३ म्हणजे ७, ६४ म्हणजे ८. तिथल्या साखरेच्या आकड्याला १८ ने गुणा: ७.० म्हणजे १२६, ११.१ म्हणजे २००. दोन्ही आकडे मधुमेहाच्या रेषेवरच आहेत, त्यामुळे धसका नको, पण दुर्लक्षही नको.

प्रश्न: वय ४६, सडपातळ. दुकानात दिवसभर बसून असतो. आईला मधुमेह आहे. कंबर ९२ सेंटिमीटर. फास्टिंग ११८ आली. लॅबवाले म्हणाले "बॉर्डरलाइन आहे, काही नाही." खरंच काही नाही? (म्हापसा)

काही नाही असं नाही. फास्टिंग १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. सडपातळ असणं आपल्याकडे फारसं राखत नाही. दिसायला बारीक पण पोटात चरबी जास्त अशी भारतीय शरीराची ठेवण पुण्यातल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं अभ्यासली आहे. आणि तुम्ही गोव्यात आहात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात आढळलं, २६.४ टक्के.

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने भारतीयांसाठी केलेला, मधुमेहाचा धोका मोजायचा एक साधा गुणांक आहे, तो तुमच्यासाठी मांडतो. वय ३५ ते ४९, म्हणून २०. पुरुषाची कंबर ९० ते ९९, म्हणून १०. व्यायाम नाही आणि बैठं काम, म्हणून ३०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह, म्हणून १०. एकूण ७०. साठ किंवा त्यापुढे गेलं की धोका जास्त धरतात. यातले ३० गुण तुमच्या हातात आहेत, दुकानाच्या आधी रोज अर्धा तास भरभर चाललात तरी त्यातले १० कमी होतात.

तुमच्यासाठी योग्य तपासणी म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोजची. उपाशीपोटीची साखर थोडीच वर असलेल्या बऱ्याच जणांत खरी गडबड दोन तासांच्या आकड्यात दिसते. एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. रिपोर्टवर पीपीसमोर १४० आणि २०० च्या ज्या मर्यादा छापलेल्या असतात त्या या मोजून दिलेल्या ग्लुकोजसाठी ठरवलेल्या आहेत. पोहे खाऊन केलेल्या पीपीवरून नवीन मधुमेहाचं निदान करत नाहीत.

आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा, भात-भाकरी-पोळी सोडू नका. रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. लोक नेमकं उलट करतात, तीन दिवस भात बंद ठेवून जातात. कर्बोदकं अचानक कमी केली की शरीराची साखर हाताळायची सवय मंदावते, आणि ग्लुकोज प्यायल्यावर आकडा उलट वर जातो. म्हणून नवरात्राचे उपवास संपल्या संपल्या ही तपासणी नको, तीन-चार दिवस जेवून मग जा. रात्रभर ८ ते १४ तास उपाशी राहा. फास्टिंगचं रक्त दिल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून देतात, ते पाच मिनिटांत प्यायचं. दुकानातून आणलेलं चवीचं पाकीट नको, लॅबने तोलून दिलेलं घ्या. मग दोन तास तिथेच बसून राहायचं. बाजार, विडी, चालणं काही नाही. सोबत वाचायला काहीतरी न्या. दोन तासांनी दुसरं रक्त. आकडा १४० च्या खाली आला तरी फास्टिंग ११८ आहेच, वर्षातून एकदा तपासत राहा.

प्रश्न: वडील "साखर कमी करणारी नवी गोळी" घेतात. रक्तातली साखर १३२, पण लघवीत चार अधिक! किडनी गेली का? (अकोला)

गोळीचं नाव बघा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर लघवीत साखर दिसणारच, ती गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकूनच काम करते. एरवी रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेल्यावरच लघवीत उतरते. किडनीसाठी लघवीतली साखर बघायची नसते, सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण बघायचं असतं, ३० च्या खाली ठीक. आणि या गोळीवर असताना उलट्या होत असतील किंवा काही दिवस जेवण जात नसेल तर गोळी चालू ठेवायची का हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. अशा वेळी रक्तातली साखर फार न वाढताही अंगात आम्ल साठू शकतं.

प्रश्न: न्यूमोनियाने दवाखान्यात असताना साखर २३० निघाली, स्टिरॉइड चालू होतं. आता दीड महिना झाला. मधुमेहाचा पेशंट झालो का? (लातूर)

अजून ठरलेलं नाही. मोठ्या आजारात आणि स्टिरॉइडने साखर वाढते, अनेकांची नंतर उतरते. गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतल्यावरही आठवडाभर आकडे वर राहू शकतात, तेव्हा त्या आठवड्यात तपासणी करू नये. आजारात असताना केलेली एचबीए१सी जुन्या कागदांत सापडते का बघा. ती तेव्हाच ६.५ च्या वर असेल तर साखर आधीपासून होती. आत्ताच्या एचबीए१सीमध्ये आजाराचे दिवसही मिसळलेले आहेत, म्हणून आत्ता फास्टिंग आणि ग्लुकोजची तपासणी करा.

प्रश्न: मला पाचवा महिना आहे. आरोग्य केंद्रात आशाताईंनी जेवून आले असताना ग्लुकोज पाजलं आणि दोन तासांनी एकदाच रक्त घेतलं. मुंबईला असलेल्या बहिणीला मात्र उपाशी बोलावून तीनदा टोचलं. माझी तपासणी चुकीची झाली का? मला पिऊन मळमळलं, थोडी उलटीही झाली. (जव्हार)

तुमची तपासणी चुकीची नाही. गरोदरपणातल्या साखरेसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हीच पद्धत आहे: शेवटचं जेवण कधी झालं हे न बघता ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यातून, पाच ते दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त. आकडा १४० किंवा वर आला तर गरोदरपणातला मधुमेह. डोंगरातल्या पाड्यावरून बस पकडून येणाऱ्या बाईला उपाशी ये म्हटलं तर ती दुसऱ्यांदा येतच नाही, हे ओळखून ही पद्धत नेमली आहे. तुमच्या बहिणीची पद्धतही मान्य आहे. तिच्यात फास्टिंग ९२, एका तासाची १८०, दोन तासांची १५३, यांतला एकही आकडा गाठला तर मधुमेह धरतात. दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या आहेत. एकीचा आकडा दुसरीच्या मर्यादेला लावून बघू नका.

उलटी किती वेळाने झाली हे महत्त्वाचं. ग्लुकोज प्यायल्यापासून अर्ध्या तासाच्या आत झाली असेल तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. अर्ध्या तासानंतर झाली असेल तर तीच पुढे चालू ठेवतात. तुम्हाला वेळ आठवत असेल तर आशाताईंना सांगा. पुढच्या वेळी ते पाणी गार असू द्या, घोट घोट करून प्या, आणि पिऊन झाल्यावर टेकून शांत बसा, मळमळ कमी होते.

पहिल्यांदा आकडा चांगला आला तरी तपासणी संपत नाही. वारेतून येणारी हार्मोन्स दिवस भरत जातात तसतशी इन्सुलिनला जास्त विरोध करतात, म्हणून २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा ग्लुकोज प्यावं लागतं. दोन तपासण्यांत किमान चार आठवड्यांचं अंतर हवं. तुमचा पाचवा महिना म्हणजे दुसरी तारीख आत्ताच आशाताईंकडून कार्डावर लिहून घ्या. साखर निघालीच तर आधी दोन आठवडे आहार आणि चालणं सांगतात. जेवणानंतर दोन तासांची १२० च्या आत येत नसेल तर मग औषध. बाळंतपणानंतर साखर उतरली म्हणून कार्ड फेकून देऊ नका. सहा आठवड्यांनी, बाळाच्या पहिल्या लसींच्या वेळेलाच, उपाशीपोटी जाऊन ७५ ग्रॅमची तपासणी पुन्हा करायची आहे. त्या वेळी एचबीए१सीवर भागवू नका, कारण बाळंतपणात रक्त गेलेलं असतं आणि आकडा कमी दिसतो.